उत्तरेकडच्या खिडक्या

माझ्या लग्नात मास्तरांनी आहेर म्हणून काचेचं कौल दिलं. पेंढ्यात गुंडाळलेलं, वर सुतळी बांधलेलं ते बोचकं त्यांनी भर मांडवात तात्यांच्या हातात ठेवलं. तात्या म्हणजे माझे चुलते. वडील लवकर गेले, तेव्हापासून त्यांनीच मला वाढवलं. मास्तर म्हणाले, "चुलीच्या बरोबर वर बसवा. सूनबाईंना भाकरी भाजली की करपली ते दिसेल." मांडवात हशा पिकला. माझी नवी बायको मुंडावळ्यांच्या आड लाल झाली आणि मी मान खाली घातली. तेव्हा मला मास्तरांची लाज वाटायची. पुढे लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती अजून गेलेली नाही.

मास्तर आमच्या शाळेचे हेडमास्तर. गाव खालापूर आणि खोपोलीच्या मधे, पुण्याला जाणाऱ्या हमरस्त्याला लागून. मी फायनल पास होऊन त्यांच्या हाताखाली असिस्टंट म्हणून लागलो होतो. लढाईचे दिवस होते, रस्त्यानं दिवसभर मिलिटरीच्या लॉऱ्या घाटाकडे जायच्या. मास्तर घाटावरचे, उंच, खांद्यात वाकलेले, आखूड काळा कोट घालणारे. चष्मा पुसायला त्यांना कधी स्वतःचा रुमाल सापडत नसे. समोर जो उभा असेल त्याच्या उपरण्याला किंवा सदऱ्याच्या टोकाला ते खुशाल चष्मा पुसत आणि बोलणं पुढे चालू ठेवत.

"कसं काय?" असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. ते विचारत, "काय दिसलं?" कुणी कर्जतच्या बाजाराहून आलं की त्याला वाटेत अडवून, "काय दिसलं?" तो म्हणे, "बाजार दिसला, मास्तर." "बाजारात काय दिसलं?" मग त्या बिचाऱ्याला मिरच्या, मडकी, भांडणाऱ्या नणंदा-भावजया असं एकेक आठवून सांगावं लागे, तेव्हा कुठे सुटका. माझी काकू लांबून त्यांची छत्री दिसली की बांधाबांधानं दुसऱ्या वाटेनं घरी यायची.

शाळेतली शिक्षा म्हणजे तेच. मूल चुकलं की, "उभे राहा, बाहेर बघा आणि काय दिसतं ते सांगा." ते सगळ्या मुलांना अहोजाहो करत. पाटलाच्या मुलालाही आणि महारवाड्यातल्या मुलालाही. गावाला पहिल्याचं हसू यायचं, दुसऱ्याचं हसू यायचं नाही. त्यांची स्वतःची जात कोणती ते गावाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. कुणी आडून विचारलं की ते गंभीरपणे त्याच्याकडे तोंड करत आणि म्हणत, "तुम्हाला काय दिसतं?"

अंधार त्यांना सोसायचा नाही. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पानावर बसले, ताटाकडे वाकून बघितलं, उठले आणि तात्यांना म्हणाले, "शिडी आहे का?" तात्यांनी गोंधळून शिडी दिली. मास्तर सोवळ्यासारखं धोतर आवरून वर चढले, आढ्याजवळची दोन कौलं सरकवली, खाली उतरले आणि हात धुऊन पुन्हा पानावर बसले. "आता वरण दिसलं," म्हणाले. काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "माजं घर काय अंधारकोठडी हाय?" तात्या मात्र हसून हसून बेजार झाले. त्या दिवसापासून त्यांचं आणि मास्तरांचं जमलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणाला तात्या वाईट वाटतील, आणि ते तसे नव्हते.

मास्तर आले तेव्हा शाळा देवळाच्या सभामंडपात भरायची. कायद्यानं सगळ्या मुलांना शाळेत बसायचा हक्क होता, पण मंडप देवाचा. म्हणून महारवाड्यातली चार मुलं बाहेर पायरीवर बसायची. त्यांच्या पाट्या लांबून बघायच्या. पाऊस आला की त्यांना सुट्टी. मास्तरांनी पहिले आठ दिवस काही म्हटलं नाही. नवव्या दिवशी ते स्वतः पायरीवर जाऊन बसले आणि तिथून शिकवू लागले. आतल्या मुलांना त्यांची पाठ दिसायची. पुजाऱ्यानं तात्यांकडे तक्रार केली. तात्या शाळा कमिटीचे मुख्य होते.

"मास्तर, असं नका करू," तात्या म्हणाले. "देवळाचं कामच येगळं."

"मग देवाची नसलेली जागा द्या," मास्तर म्हणाले.

अशी जागा गावात एकच होती. रस्त्याच्या कडेला टपालाच्या घोड्यांचा जुना तबेला होता. घाट चढण्याआधी तिथे पूर्वी घोडी बदलत. आता कित्येक वर्षं त्यात तात्यांचा पेंढा भरलेला. दगडी भिंती, वर हवेपुरती भोकं, बाकी मिट्ट काळोख. तात्यांनी चार दिवसांत पेंढा काढून दिला. पुजारी कुरकुरला तेव्हा तात्याच त्याला म्हणाले, "तबेल्यात कसला आलाय इटाळ? घोड्यांनी कवा सोवळं पाळलंय?"

शाळा तबेल्यात आली. मास्तरांनी मुलांना उंचीप्रमाणे बसवलं. ठेंगणी पुढे, उंच मागे, बस. त्यात तात्यांचा बाळू आणि धर्माचा राघो शेजारी आले. धर्मा महारवाड्यातला, रेल्वेच्या पळसदरी लायनीवर गँगमन होता. पुस्तकांची टंचाई, म्हणून दोघांत एक पुस्तक. आत इतका अंधार की दारात उभ्या माणसाला पुढची ओळसुद्धा दिसायची नाही. घरोघरी समजूत अशी की मास्तरांनी ती चार मुलं कुठेतरी कोपऱ्यात बसवली असतील. कुणी विचारलं नाही. मुलंही सांगायच्या भानगडीत पडली नाहीत.

पण मास्तरांना काळोख खुपत होता. "अंधारात मूल पाठ करतं," ते म्हणत, "वाचत नाही." त्यांनी शाळा चालवणाऱ्या लोकल बोर्डाकडे खिडक्या मागितल्या. बोर्ड म्हणालं, लढाई चालू आहे, काच कुठली आणता? मग मास्तर दर रविवारी बाहेर पडू लागले. खोपोलीच्या वरच्या अंगाला एका म्हाताऱ्या पारशी बाईंचा बंगला होता, त्याला काचेचा मोठा व्हरांडा. मास्तर तिथे जाऊन बसत. चार-पाच रविवार बाईंनी त्यांना हाकललं. मग एकदा, त्यांना हवंय तरी काय, ते विचारलं, "तुला जोईए शू, मास्तर?" मास्तर म्हणाले, "तुमच्या व्हरांड्यात आता कुणी बसत नाही. माझी मुलं काळोखात बसतात." बाईंनी सगळा व्हरांडा काढून न्यायला सांगितला. वर चहा पाजला.

काचा आणायला तात्यांनी आपल्या दोन गाड्या दिल्या आणि एक स्वतः हाकली. तळाशी पेंढा, मधे काच, वर पेंढा, पुन्हा काच. बैलांना तात्यांनी उभ्या आयुष्यात एवढं हळू चालवलं नव्हतं. गाडीपुढे मास्तर छत्री उघडून चालत होते आणि समोरून लॉरी आली की हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभे राहत होते. गावात शिरलो तेव्हा बायका-पोरं दोन्ही बाजूंना उभी. तात्यांच्या चेहऱ्यावर असा अभिमान होता की जणू लग्नाची वरात आणली.

कर्जतचा काचवाला बसवायला आला. दगड काढून उत्तरेकडच्या, म्हणजे रस्त्याकडच्या भिंतीला खिडक्या पाडायच्या होत्या. मास्तरांनी भिंतीवर कोळशानं रेघ मारली ती गुडघ्याच्या वर थोडी.

काचवाला म्हणाला, "मास्तर, एवढ्या खाली काच कोन लावतं? शेळी शिंग मारंल."

"मूल जमिनीवर बसतं," मास्तर म्हणाले. "बसल्या जागेवरून त्याला झाड दिसलं पाहिजे."

"साळंत खिडकी डोक्याच्या वर असती. न्हाईतर पोरं भायेरच बगत बसतात."

"बघू दे. नाहीतर मी त्यांना विचारू काय?"

काचवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हिऱ्याची कलम हातात घेतली. पंधरा दिवस तबेल्यात काच कापल्याचा तो बारीक किरकिर आवाज भरून राहिला होता. खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून लांबी करायची, ती चौकटीत काचेच्या कडेनं भरायची. लांबी मळायचं काम मास्तर स्वतः करत, पोळ्यांची कणीक मळावी तसं, बाह्या सारून. मुलांना ते समजावून सांगत, "उत्तरेचा उजेड सगळ्यात शांत. ऊन कधी आत येत नाही, डोळे दिपत नाहीत. चित्रकार याच उजेडात बसतात." मुलं दिशा शिकली ती त्या भिंतीवर.

शेवटची काच बसली त्या सकाळी मुलं आत आली आणि दारातच थबकली. मग बाळू म्हणाला, "गुर्जी, आपली भिंत केवढी घान हाय!" मास्तर एवढे खूश झाले की त्यांनी त्याच दिवशी सगळ्या मुलांकडून भिंत खरवडून घेतली.

तो आनंद महिनाभरसुद्धा पुरला नाही.

तात्या खालापूरच्या कचेरीतून गाडीनं परत येत होते. शाळेसमोर लॉऱ्यांची रांग लागली म्हणून बैल थांबले. तात्यांनी सहज मान वळवली. खिडकीत बाळू आणि राघो एका पुस्तकावर वाकलेले, आणि बाळूचा हात राघोच्या खांद्यावर. तात्यांच्या मागच्या गाडीत चौक गावचे सोयरे होते. त्यांनीही पाहिलं.

संध्याकाळी जेवताना तात्यांनी भाकरी मोडली. मग म्हणाले, "बाळू, कुनाशेजारी बसतोस रं?"

"राघोच्या."

"कवापासनं?"

"पयल्यापासनं. उंचीनं बसिवलंय."

काकूचा वाढता हात थांबला. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला म्हाईत होतं?"

"होतं," मी म्हटलं. "तुमीबी कदी इचारलं नाय, तात्या."

"इचारलं नाय म्हंजे म्हाईत नव्हतं, असं नाय," तात्या सावकाश म्हणाले. "पर दिसत नव्हतं."

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर गावातली सात-आठ माणसं आली. कुणी आवाज चढवला नाही. सगळे मुलांच्या जागेवर मांडी घालून बसले आणि तात्यांनीच तोंड उघडलं. "मास्तर, तुमी चांगलं काम केलंत. कायदा आमालाबी कळतो. पोरं कशीबी बसूं देत. पर हा हमरस्ता हाय. सोयरा येतो, पावना येतो, गाडीतनं बगतो. उद्या माज्या पोरीला बगायला मानसं येतील ती याच रस्त्यानं."

"मी काय करावं म्हणता?"

"खालच्या काचांना चुना मारा. वरच्या तशाच ऱ्हाऊ द्या. उजेड येईल, दिसनार नाय. कुनाचंच काय जानार नाय."

"आणि नाही मारला तर?"

तात्यांनी खाली पाहिलं. "तर पोरं घरी बसतील. मी कुनाला सांगनार नाय बसवा म्हून. पर नका बसवू असंबी मला सांगता येनार नाय."

माणसं गेल्यावर मास्तर त्या खिडक्यांसमोर जाऊन उभे राहिले. मग मला म्हणाले, "तुम्हाला काय दिसतं?" मी म्हटलं, "मुलं गेली तर शाळा बंद होईल." ते खरंच होतं. त्यांनी मान हलवली.

रविवारी त्यांनी चुना कालवला. मी कुंचा घ्यायला हात पुढे केला तर म्हणाले, "तुम्ही फक्त बादली धरा." एकेक काच पांढरी होत गेली. बाहेरचं झाड आधी धूसर झालं, मग नाहीसं झालं. सोमवारी मुलं आली. राघोनं हात वर केला. "गुर्जी, काचांना चुना का मारला?"

मास्तर फळ्याकडे तोंड करून होते. "ऊन लागतं ना, अहो," ते म्हणाले.

राघो खाली बसला. त्यानंतर मास्तरांनी कुणाला 'काय दिसलं' म्हणून विचारल्याचं मला आठवत नाही. रस्त्यात माणसं दिसली की ते छत्री पुढे धरून जात.

त्याच आठवड्यात धर्मा आला. दुपारच्या सुट्टीत, मुलं घरी गेलेली. रेल्वेचा निळा सदरा, पायांत जाड वहाणा. तो दारात थांबला. मास्तर म्हणाले, "या, आत या, धर्माजी." तो आत आला, पण बसला नाही.

"गुर्जी, राघो दोन दीस नीट जेवला नाय. म्हनतो, गुर्जी खोटं बोलले."

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला.

"म्हनतो, उत्तरंकडनं ऊन येतच नाय. तुमीच शिकिवलंत म्हनं. मग चुना कशाला? आता मी त्याला काय सांगू?"

"त्यांना सांगा की..." मास्तरांनी सुरुवात केली आणि ते थांबले.

"मला ठावं हाय कशाला ते," धर्मा म्हणाला. आवाज अगदी साधा होता, लायनीवरची गोष्ट सांगावी तसा. "माजं पोरगं पायरीवर बसायचं, भिजायचं. पर पायरीवर कोन बसलाय आनि का बसलाय, ते येनारा-जानारा बगत होता. लाज ज्याची त्याला होती. तुमी आत घेतलंत, मला बरं वाटलं. आता तुमी त्याला चुन्याआड बसिवला. चोरीचा माल झाकत्यात तसा. आता ती लाज माज्या पोराची झाली."

मी कोपऱ्यात पाट्या रचत होतो. माझ्या हातून एक पाटी निसटून पडली आणि फुटली. कुणी तिकडे बघितलंही नाही.

मास्तरांनी चष्मा काढला. सवयीनं हात धर्माच्या सदऱ्याकडे गेला. मग तो मागे आला आणि त्यांनी चष्मा तसाच न पुसता डोळ्यांवर ठेवला. "चुकलं माझं," ते म्हणाले. "मला वाटलं, निदान मुलं तरी शेजारी बसतील."

"मी माफी मागून घ्यायला नाय आलो, गुर्जी. पोराला खरं सांगा. मग त्याला हितं ठिवायचा का न्यायचा, ते मी बगतो." एवढं बोलून तो गेला.

दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर मास्तर मुलांसमोर उभे राहिले. हात मागे बांधलेले. "ऊन लागत नव्हतं," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. तुम्ही सगळे एकत्र बसता ते रस्त्यावरून दिसू नये, म्हणून मोठ्या माणसांनी चुना मारायला सांगितला, आणि मी मारला. राघोजींनी मला पकडलं. मला लाज वाटते."

त्या वेळच्या त्यांच्या चेहऱ्यासारखा चेहरा मी इतक्या वर्षांत कुणाचाही पाहिला नाही. मुलंसुद्धा चुळबूळ करेनात. मग बाळूनं विचारलं, "राघो दिसला तर काय होतं, गुर्जी?"

"मला माहीत नाही, बाळासाहेब," मास्तर म्हणाले. "आज घरी विचारा. तुम्हाला कळलं तर मलाही सांगा."

त्यांनी बादली आणि फडकं घेतलं आणि पहिली काच पुसायला लागले. आधी राघो उठला, त्याच्यामागून बाळू, मग सगळीच. दुपारपर्यंत काचा स्वच्छ झाल्या. सगळ्यांचे कपडे पांढरेफटक.

तात्या त्याच दुपारी आले. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. बाळूचं मनगट धरलं आणि त्याला घेऊन निघाले. बाळूनं दाराची चौकट घट्ट धरली होती. तात्यांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली. मारलं नाही, ओरडले नाहीत. त्या आठवड्यात शाळा रिकामी झाली. महारवाड्यातली चार मुलं उरली आणि कुंभाराच्या विधवेची दोन. त्या सहा मुलांना मास्तर पूर्वीसारखंच शिकवत होते, भर खिडकीत बसवून. रस्त्यानं जाणारे बघत जायचे.

मग बोर्डाचा साहेब आला. त्यानं पटसंख्या बघितली आणि मास्तरांची बदली समुद्राकडच्या कुठल्याशा गावी केली. ते गेले त्या सकाळी मोटारीपाशी मी एकटा होतो. सामान म्हणजे एक वळकटी आणि एक ट्रंक. गाडी सुटायला वेळ होता, तरी ते आत जाऊन बसले.

"तुम्ही इथेच राहणार?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "घर आहे, शेत आहे."

"बरं," ते म्हणाले. त्या 'बरं'मध्ये राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

धर्मानं राघोला कल्याणला भावाकडे नेलं. पुढे त्याचं काय झालं ते मला माहीत नाही. नव्या हेडमास्तरांनी आल्या आल्या सुताराला बोलावून खालच्या काचांवर फळ्या ठोकून घेतल्या आणि महारवाड्यातली राहिलेली तीन मुलं दारापाशी वेगळी बसवली. गावची मुलं परत आली. पट भरला. बोर्डाच्या साहेबानं शेऱ्यात समाधान व्यक्त केलं. मी तिथेच शिकवत राहिलो.

फळ्या ठोकल्या त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. बाळू न जेवता बाहेर ओट्यावर जाऊन बसला होता. तात्यांनी दोन घास खाल्ले आणि थांबले.

"तुजा मास्तर चांगला मानूस होता रं," ते म्हणाले.

"मग?" मी विचारलं.

तात्यांनी ताटातला भात एका कडेला सारला. "मग काय," ते म्हणाले. "चांगल्या मानसाबरोबर ऱ्हायाला आपल्याला जमलं नाय."

काकूनं मला विचारलं, आणखी भात वाढू का. मी ताट पुढे केलं.